लॉर्ड कर्झन : एक अप्रिय व्हाइसरॉय आणि एक उपयोगी कायदा

आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लॉर्ड कर्झन या माणसाला साधारणपणे दीड पान मिळते. बंगालची फाळणी त्याने केली, ती का केली, तिचे परिणाम काय झाले, हे पाच गुणांच्या प्रश्नापुरते आपण पाठ करतो आणि पुढे स्वदेशी चळवळीकडे वळतो. कर्झन हा खलनायक. त्याच्याविषयी याहून अधिक जाणून घ्यावे असे कोणाला वाटत नाही, आणि त्यात आपला दोषही नाही, कारण त्याची करणीच तशी होती.

परंतु आपल्या भागातील कोणत्याही मुलाने शाळेच्या सहलीत एक निळी पाटी पाहिलेली असते. कार्ल्याला, भाज्याला, बेडशाला, लोहगडाच्या पायथ्याशी ती उभी असते. ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित आहे, हिची नासधूस करणाऱ्यास अमुक शिक्षा होईल, असा तिच्यावरचा मजकूर. जुन्या पाट्यांवर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड असे लिहिलेले असे. नव्या पाट्यांवर दोन वर्षे आणि एक लाख असे असते. सहलीला आलेली मुले त्या पाटीला टेकून डबा खातात. ही पाटी लावण्याची कल्पना, तिच्यामागचा कायदा, आणि ते तीन महिने नि पाच हजार हे आकडेसुद्धा मुळात कर्झनच्या कारकिर्दीतले आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बंगाल तोडणारा आणि लेणी राखणारा माणूस एकच. म्हणून त्याचे चरित्र एकदा नीट सांगावे असे वाटले.

जॉर्ज नॅथॅनियल कर्झनचा जन्म ११ जानेवारी १८५९ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, केडलस्टन हॉल या घराण्याच्या वाड्यात झाला. वाडा हा आपला शब्द, प्रत्यक्षात तो राजवाडाच. खांबांची भव्य रांग, संगमरवरी दालन आणि चहूबाजूंनी हिरवे माळ. वडील धर्मोपदेशक, पण सरदार. मुलांचा गोतावळा मोठा, आणि आईवडिलांचे लक्ष बेताचे. त्यामुळे जॉर्जचे बालपण एका शिक्षिकेच्या हाती गेले. ही बाई विलक्षण कठोर होती. लहानसहान चुकीसाठी मुलांना मारणे, अंधारात कोंडणे, गावातून अपमानास्पद पोशाखात फिरवणे असे प्रकार ती करी. कर्झन पुढे मोठा झाल्यावरही तिला विसरला नाही. त्याचा ताठरपणा आणि प्रत्येक गोष्ट स्वतः केल्याशिवाय चैन न पडण्याची सवय येथेच रुजली असावी, असे त्याच्या चरित्रकारांना वाटते.

तरुणपणीच त्याच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. ती आयुष्यभर बरी झाली नाही. कपड्यांच्या आत तो एक कडक पट्टा बांधी. लोकांना दिसे तो एक सरळ, ताठ, गर्विष्ठ उमराव. त्या ताठपणातला निम्मा भाग वेदनेचा होता, हे पाहणाऱ्यांना कळत नसे. ईटन आणि मग ऑक्सफर्डमधील बेलिअल कॉलेज हे त्याचे शिक्षण. बेलिअलमध्ये असताना त्याच्या श्रेष्ठपणाच्या तोऱ्यावर सहाध्यायांनी एक चारोळी रचली आणि ती त्याला मरेपर्यंत चिकटली. कॉलेजातल्या चेष्टेत माणसाचे नाव कसे कायमचे बिघडते, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. अंतिम परीक्षेत त्याचा पहिला वर्ग हुकला, त्याचे त्याला अतोनात दुःख झाले. मग त्याने ईर्ष्येने दुसरी एक मानाची फेलोशिप मिळवून दाखवली.

१८८६ साली तो पार्लमेंटात गेला. पण त्याला ओढ होती ती पूर्वेची. इराण, मध्य आशिया, अफगाणिस्तान, हिंदुस्थान, सयाम, चीन, कोरिया असे प्रवास त्याने दुखऱ्या पाठीने, पुष्कळदा घोड्यावरून केले. १८९२ साली इराणवरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९५ मध्ये त्याने मेरी लायटर या शिकागोच्या लक्षाधीशाच्या मुलीशी लग्न केले. तीन वर्षांनी त्याला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय नेमले, तेव्हा त्याचे वय अवघे ३९ होते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाऊस लॉर्ड वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात बांधले, तेव्हा त्याचा आराखडा केडलस्टन हॉलवरून घेतला होता. म्हणजे १८९९ च्या जानेवारीत कर्झन सहा हजार मैल ओलांडून जेथे राहायला गेला, ते त्याच्या स्वतःच्या घराचेच प्रतिरूप होते. आपल्या घराची नक्कल परक्या देशात पाहून कोणालाही घर आठवेल. कर्झनला मात्र आपण जन्मतःच या पदासाठी नेमलेलो आहोत असे वाटले असल्यास नवल नाही.

तो आला तेव्हा आपला प्रांत प्लेगने पोखरलेला होता. आपल्या चिंचवडचे चापेकर बंधू त्याच वर्षी फासावर गेले. दामोदरपंतांना १८९८ च्या एप्रिलमध्येच फाशी झाली होती, आणि १८९९ च्या मे महिन्यात येरवड्याला वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण हे चार-पाच दिवसांच्या अंतराने गेले. नवा व्हाइसरॉय येऊन तेव्हा चार महिने झाले होते. पाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. कर्झन दुष्काळी भागांत फिरला, रात्रंदिवस काम करीत राहिला. दिवसाकाठी चौदा-चौदा तास तो टेबलाशी बसे. आपल्या स्वयंपाकघराच्या हिशेबात किती कोंबड्या लावल्या आणि प्रत्यक्ष किती आल्या, याचीही त्याने तपासणी करून आचाऱ्याची लबाडी उघडकीस आणली. साम्राज्याचा अधिपती कोंबड्या मोजतो, हे हास्यास्पद खरे. पण ज्या माणसाच्या नजरेतून कोंबडी सुटत नाही, त्याच्या नजरेतून पडके खांबही सुटत नाहीत.

आता त्या खांबांकडे येऊ. जुन्या वास्तूंबाबत सरकारचे धोरण तोपर्यंत अगदीच नव्हते असे नाही. बंगालमध्ये १८१० साली आणि मद्रासेत १८१७ साली जे नियम झाले, त्यांत सार्वजनिक इमारती खाजगी लोकांकडून बिघडू नयेत, इतपत तरतूद होती. १८६३ च्या धर्मदायविषयक कायद्यात एक कलम आले. १८७८ मध्ये जमिनीत सापडणाऱ्या धनाचा कायदा झाला. १८६१ पासून कनिंगहॅमने पुरातत्त्वाची पाहणी सुरू केली. त्याच्यामागून बर्जेस आला. बर्जेसने आपल्या पश्चिम भागातील लेण्यांचे केलेले काम अभ्यासक आजही उघडून पाहतात. परंतु १८८९ मध्ये बर्जेस निवृत्त झाला आणि सर्वोच्च अधिकाऱ्याची जागाच सरकारने काटकसरीसाठी रिकामी ठेवली. प्रत्येक प्रांत आपापल्या मर्जीने चाले. कोठे एखाद्या अभियंत्याला आवड असेल तर दुरुस्ती होई, नसेल तर जुन्या चिऱ्यांचा रस्त्याला उपयोग होई. आणि सर्वांत मोठा अपराधी कोण, तर खुद्द सरकार! लष्कर, महसूल, टपाल, सार्वजनिक बांधकाम या खात्यांनी मशिदी आणि महाल फुकटच्या कचेऱ्या म्हणून वापरायला घेतले होते.

कर्झनने दौऱ्यांत हे डोळ्यांनी पाहिले. अहमदाबादेस सीदी सैयद मशीद, जिच्या दगडी जाळीसाठी लोक दुरून येतात, ती मामलेदार कचेरी झाली होती. लाहोरच्या किल्ल्यात मोती मशिदीत सरकारी तिजोरी होती. विजापूर तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होते. तेथे एका मशिदीत डाकबंगला आणि दुसरीत टपाल कचेरी थाटलेली होती. कर्झनने या सर्वांना बाहेर काढले. अधिकाऱ्यांची कुरकुर झाली, पर्यायी जागेला खर्च येईल अशी टिपणे आली. त्याने ती बाजूला सारली. आग्र्याला ताजमहालाची आणि त्याच्या भोवतीच्या बागेची, फत्तेपूर शिक्रीची आणि किल्ल्यातील महालांची डागडुजी त्याने इतक्या बारकाईने करवून घेतली की कोणता दगड कोठे बसवायचा यावर त्याची टिपणे सापडतात. ताजमधील समाध्यांवर आज जो नक्षीदार दिवा टांगलेला दिसतो, तो त्याने कैरोहून करवून घेऊन भेट दिलेला आहे.

१९०० च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्याने या विषयावर भाषण केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या वास्तूंचे जतन हे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन असा भेद न करता पार पाडले पाहिजे. हा विचार त्या काळात नवा होता. पण त्याचबरोबर त्याला असेही वाटे की हे काम इंग्रजच करू शकतो, कारण तो बाहेरचा आहे. येथल्या लोकांना आपला वारसा राखता येईल, यावर त्याचा विश्वास नव्हता. आपल्याकडे त्याच सुमारास काय चालले होते? १८९५ पासून लोकमान्य टिळकांनी रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकवर्गणी उभारायला सुरुवात केली होती. त्याही आधी महात्मा फुले १८६९ साली रायगडी जाऊन समाधी शोधून आले होते. एका रुपयापासून पैसे गोळा करणारी माणसे येथे होती. व्हाइसरॉयच्या चष्म्यातून ती दिसली नाहीत, एवढेच.

१९०२ साली कर्झनने रिकामी जागा भरली. जॉन मार्शल हा जेमतेम पंचविशी ओलांडलेला, ग्रीसमध्ये आणि क्रीट बेटात काम केलेला तरुण त्याने थेट सर्वोच्च पदावर आणून बसवला. एवढ्या कोवळ्या वयाच्या माणसाला इतके मोठे खाते देणे हे धाडस होते, आणि ते फळले. आणि मग १९०४ साली आला तो कायदा.

प्राचीन स्मारक जतन कायदा, सन १९०४ चा सातवा. त्या वर्षीच्या १८ मार्चला तो झाला. कायदे वाचणे कंटाळवाणे असते, पण हा छोटा आहे आणि त्याची रचना मोठी सरळ आहे. प्रथम व्याख्या : इमारत, थडगे, लेणे, शिलाशिल्प, शिलालेख, एकसंध स्तंभ, यांपैकी इतिहास, पुरातत्त्व किंवा कला या दृष्टीने मोलाचे असेल ते प्राचीन स्मारक. त्याच्या खालची जागा आणि कुंपणाला किंवा वाटेला लागणारी जमीनही त्यात आली. एखादे स्मारक संरक्षित ठरवायचा अधिकार प्रांतिक सरकारला, म्हणजे आपल्याकडे मुंबई सरकारला. सरकारने राजपत्रात सूचना द्यायची आणि त्या सूचनेची प्रत स्मारकावर किंवा त्याच्या जवळ ठळक जागी लावायची. निळ्या पाटीचे मूळ ते हेच. त्या दिवसापासून एक महिन्याच्या आत कोणाची हरकत असेल तर ती ऐकायची, आणि मग सूचना कायम करायची किंवा मागे घ्यायची. मालकाशी करार करता येई. तो वास्तू विकायला, भाड्याने द्यायला किंवा सरकारच्या देखरेखीखाली ठेवायला तयार असेल तर ती तशी घेता येई. मालक वास्तूची नासाडी करीत असेल तर भूसंपादनाच्या कायद्याने सक्तीने घेता येई. मात्र जेथे पूजाअर्चा चालू आहे अशा वास्तूला सक्ती नाही. जुन्या वस्तू एका भागातून दुसरीकडे नेण्यास मनाई करण्याचा अधिकारही दिला होता.

यातील शेवटून दुसरी गोष्ट आपल्याला जवळून पाहता येते. कार्ल्याचे चैत्यगृह संरक्षित, पण त्याच्या दाराशी आई एकवीरेचे देऊळ. तेथे चैत्रात कोळी, आगरी, प्रभू मंडळी पालख्या घेऊन येतात, नवस फेडतात. बौद्ध लेणे पुरातत्त्व खात्याचे, देवी भक्तांची, आणि पायऱ्या दोघांच्या. कायद्याने या दोन जगांमध्ये रेघ ओढली खरी, पण ती डोंगरावर पुसट होते. आम्हाला तरी ते पुसट होणेच बरे वाटते.

कर्झनचा कायदा इंग्लंडच्याही पुढे होता, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे १८८२ साली जो स्मारक कायदा झाला, त्यात मुख्यतः इतिहासपूर्व काळातील दगडी वर्तुळे आणि टेकाडे होती, आणि मालकावर सक्ती करण्याची सोय नव्हती. इंग्लंडमधल्या जमीनदाराला जे सांगायची पार्लमेंटची छाती नव्हती, ते हिंदुस्थानात सांगता आले. याचे कारण काही फार अभिमानाचे नाही. येथे विचारायला कोणी नव्हते.

आणि येथेच त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू दिसते. सन १९०४ च्या कायद्यांच्या पुस्तकात सातव्याच्या पुढचा, म्हणजे आठवा कायदा उघडून पाहावा. तो आहे विद्यापीठांचा कायदा. तीनच दिवसांनी, २१ मार्चला, तो झाला. त्याने विद्यापीठाच्या सिनेटमधील सभासद कमी केले, बहुतेक जागा सरकारी नेमणुकीच्या केल्या आणि महाविद्यालयांच्या संलग्नतेवर करडी नजर ठेवली. आपल्या फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षे घालवलेले गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा त्याच कायदे मंडळात बसत होते. त्यांनी या विधेयकाला मुद्द्यागणिक विरोध केला. मते मोजून सरकार जिंकले, कारण मते सरकारचीच होती. एकाच आठवड्यात या माणसाने दगडांना आधार दिला आणि विद्यार्थ्यांवर पहारा बसवला! शिक्षणाचा दर्जा सुधारावा हा त्याचा हेतू खोटा नव्हता, असे काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण ज्यांच्यासाठी सुधारणा करायची त्यांना विचारायचे नाही, हा त्याचा खाक्याच होता. दगडांच्या बाबतीत हा खाक्या खपून गेला, कारण दगड बोलत नाहीत.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९०५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याने पौर्वात्यांच्या सत्यप्रियतेविषयी अपमानकारक उद्गार काढले आणि सारा देश खवळला. १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली. त्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विनायक सावरकर आणि त्यांच्या मित्रांनी परदेशी कापडांची होळी केली आणि त्याबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड व कॉलेजच्या वसतिगृहातून हकालपट्टी अशी शिक्षा झाली. डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून गोखल्यांनी कर्झनच्या कारकिर्दीची तुलना औरंगजेबाशी केली. गोखल्यांसारख्या तोलून बोलणाऱ्या माणसाने हे करावे, यातच सर्व आले.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. १९०२ साली सियालकोट येथे एका गोऱ्या पलटणीतील शिपायांनी एका हिंदी आचाऱ्याला मारहाण केली व तो मेला. गुन्हेगार सापडेनात, तेव्हा कर्झनने सगळ्या पलटणीच्या रजा बंद केल्या. पुढे १९०३ च्या दिल्ली दरबारात ती पलटण मैदानात येताच गोऱ्या प्रेक्षकांनी मुद्दाम टाळ्यांचा कडकडाट केला. व्हाइसरॉय घोड्यावर निश्चल बसून ते ऐकत होता. आपल्याच लोकांत तो असा एकटा पडला होता.

त्याचा शेवटही आपल्या चळवळीने नव्हे, तर सेनापती किचनेरशी झालेल्या भांडणाने झाला. लष्करावर ताबा कोणाचा या वादात लंडनने किचनेरची बाजू घेतली. ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला आणि नोव्हेंबरात तो परतला. पुढच्या जुलैत मेरी वारली. ती अवघी ३६ वर्षांची होती. तीन लहान मुली मागे राहिल्या. राजकारणात तो काही वर्षे जवळजवळ अडगळीत गेला.

या रिकाम्या काळात त्याने पुन्हा दगडांकडे तोंड वळवले. लिंकनशायरमध्ये टॅटरशॉल नावाचा पंधराव्या शतकातील विटांचा एक किल्ला आहे. १९११ मध्ये तो विकला गेला आणि त्यातील कोरीव दगडी शेगड्या उखडून अमेरिकेला रवाना करण्याची तयारी झाली. कर्झनने किल्ला विकत घेतला, शेगड्या परत मिळवल्या आणि त्या मूळ जागी बसवल्या. गावातले लोक शेगड्यांची मिरवणूक पाहायला रस्त्यावर आले होते. या प्रकरणाने इंग्लंडमध्ये एवढी खळबळ उडाली की १९१३ साली तेथे नवा स्मारक कायदा झाला, आणि धोक्यात असलेली वास्तू पाडण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला प्रथमच मिळाला. उमरावांच्या सभेत कर्झन त्याच्या बाजूने बोलला. हिंदुस्थानात घडवलेले हत्यार विलायतेत पोचायला नऊ वर्षे लागली.

पुढे महायुद्धाच्या मंत्रिमंडळात तो आला. १९१७ साली माँटेग्यूने हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची जी घोषणा केली, तिचा तो मसुदा गंमत अशी की कर्झनच्याच हातचा होता, आणि त्या शब्दांतून काय निघेल याची त्याला स्वतःलाच कल्पना नव्हती. १९१९ पासून तो परराष्ट्रमंत्री होता. १९२३ च्या मे महिन्यात पंतप्रधानपद रिकामे झाले, राजाकडून निरोप आला, आता आपणच, अशा खात्रीने तो लंडनला निघाला, आणि तेथे गेल्यावर कळले की बाल्डविनची निवड झाली आहे. म्हणतात की तो रडला.

इकडे त्याने लावलेले रोप वाढत होते. पश्चिम विभागाचे पुरातत्त्व कार्यालय आपल्या पुण्यात होते आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने त्याच्याच कक्षेत येई. रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर १९११-१२ मध्ये मोहेंजोदडोला गेले आणि तेथील विटा फार जुन्या नाहीत असा त्यांनी निर्वाळा दिला. मोठ्या विद्वानांचीही नजर कधी कधी चकते. दहा वर्षांनी त्याच पुण्याच्या कार्यालयाचे राखालदास बॅनर्जी तेथे खोदू लागले, आणि १९२४ च्या सप्टेंबरात मार्शलने सिंधू संस्कृतीची वार्ता जगाला दिली.

पुण्याचा शनिवारवाडाही याच कायद्याने राखला गेला. १७३० साली पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळला, उरले ते तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा. १७ जून १९१९ रोजी तो संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. पेशव्यांचा वाडा कर्झनच्या कायद्याखाली! टिळक तेव्हा हयात होते.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये केंद्राने नवा कायदा केला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राने आपला. सांगाडा जुनाच : सूचना, पाटी, हरकती, अंतिम जाहीरनामा. केंद्राच्या कायद्यात हरकतीची मुदत एका महिन्याची दोन महिने झाली आणि वास्तू किमान शंभर वर्षांची असावी असे ठरले. १९९२ मध्ये स्मारकाभोवतीचे शंभर मीटर बांधकामास बंद आणि त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीचे, असा नियम आला, आणि २०१० च्या दुरुस्तीने तो कायद्यातच घातला. याचा काच शनिवारवाड्याभोवतीच्या कसबा पेठेतल्या माणसांना किती बसतो, ते तेथे राहणाऱ्यांनाच विचारावे. वाडा राखायचा म्हणून शेजारच्या पडक्या घरातल्या माणसाने भिंत उभारायची नाही, हे त्याला कसे पटवावे? कर्झनच्या डोळ्यांपुढे ओसाड महाल होते. ज्यात माणसे नांदतात, नळ येतो, भाऊबंदकी चालते, अशी पेठ त्याच्या कायद्याला कधी दिसलीच नाही.

ही उणीव मुंबईने प्रथम भरून काढली. १९९५ साली मुंबईच्या विकास नियमावलीत वारसा वास्तूंचे नियम आले, देशात ते पहिलेच. सहाशेच्या वर वास्तू आणि परिसर यादीत घेतले, त्यांचे तीन दर्जे ठरवले, आणि एक समिती नेमली. पहिल्या दर्जाच्या वास्तूला हात लावायचा नाही, दुसऱ्यात आतून बदल चालतील, तिसऱ्यात त्याहून सैल. येथे मालकाला घर सोडावे लागत नाही, त्याने फक्त विचारून बदल करायचा. पुण्यानेही अशी यादी केली. शहरांचे भागले.

आमच्या मारुंजीसारख्या गावांचे काय? मुळशी-मावळच्या पट्ट्यात किती देवळांच्या अंगणात वीरगळ उभे आहेत, सतीशिळा आहेत, शेतांत बारवा आहेत. त्यांना ना केंद्राची पाटी, ना राज्याची. शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, माळावर वीस-वीस मजल्यांच्या इमारती उठल्या, जमीन गुंठ्यावर विकू लागली. अशा वेळी पोकलेनच्या दातांत एखादा वीरगळ आला तर तो कोणत्या कायद्याने अडवणार? १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि परिसर जपण्याची तरतूद करता येते. आमचा भाग २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आहे, म्हणजे तशी यादी आमच्याही गावांची होऊ शकते. पण यादीत नाव यायचे तर ती वस्तू तेथे आहे हे आधी कोणी तरी लिहून दिले पाहिजे, मोजमाप आणि फोटो जोडला पाहिजे. मार्शलच्या काळी हे काम सरकारी पाहणीदार घोड्यावरून करीत. आता आपल्या इतिहास विभागाच्या मुलांनी एका दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावापुरते केले, तर कोणाचा घोडा लागणार नाही.

कर्झन २० मार्च १९२५ रोजी वारला. टॅटरशॉल आणि ससेक्समधला बोडियम हे त्याने विकत घेऊन दुरुस्त केलेले दोन्ही किल्ले त्याने मृत्युपत्राने इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टला, म्हणजे लोकांना, देऊन टाकले. केडलस्टनच्या देवळात मेरीच्या शेजारी त्याला ठेवले आहे. दोघांच्या पांढऱ्या संगमरवरी मूर्ती तेथे शेजारी शेजारी झोपलेल्या आहेत. १९८७ पासून केडलस्टन हॉलही त्याच ट्रस्टकडे आहे. तिकीट काढून आत गेले की तळमजल्यावर एक संग्रहालय लागते. जुन्या वस्तू हलवण्यावर बंधन घालणाऱ्या या माणसाने आशियातून स्वतः गोळा करून नेलेली चांदी, हस्तिदंत, शस्त्रे आणि वस्त्रे तेथे काचेच्या कपाटांत मांडून ठेवली आहेत.